खुर्ची फिरवायची तर आधी किल्ल्या वाटा

प्रश्न विचारणारे गृहस्थ देवगड तालुक्यातले, नोकरीला मालवाहू जहाजावर. लागोसला बोट लागली की गोदीतल्या लोकांशी गप्पा होतात. तिथे त्यांनी ऐकलं की नायजेरियात राष्ट्राध्यक्षपद एकदा उत्तरेकडे, एकदा दक्षिणेकडे असं फिरतं ठेवतात. इकडे त्यांच्या गावात पाच वाड्या आहेत आणि येत्या निवडणुकीला वाडीवार पाळी लावून सगळं बिनविरोध करायचं घाटतंय. तेव्हा त्यांनी विचारलंय की देशपातळीवर ही पद्धत खरोखर चालते का, आणि गावात चालेल का. जाता जाता एक चिमटाही काढलाय: मग मुख्यमंत्रिपदाची कोकणाची पाळी कधी?

नोकरीचा बहुतेक काळ मी सिंधुदुर्गात पंचायत विभागात काढला. वाड्यावाड्यांच्या तडजोडी लिहिताना पाहिल्या आणि मोडतानाही पाहिल्या. इतर देशांच्या घटना वाचायचा नाद त्यातूनच लागला, कारण भांडणं तीच होती, फक्त शून्यं जास्त.

सरळ उत्तर असं की फिरत्या खुर्चीत फारसं काही नसेल तर पाळी पिढ्यान् पिढ्या चालते. खुर्चीखाली तिजोरी असेल तर पहिली फेरी कशीबशी पार पडते आणि दुसऱ्या फेरीत कोणीतरी खुर्ची धरून बसतो. बाकीचं सगळं या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

नायजेरियापासून सुरुवात करू. तुमच्या गोदीवाल्या मित्रांनी एक गोष्ट बहुधा सांगितली नसेल. ही पाळी त्यांच्या घटनेत नाही. सानी अबाचाच्या लष्करी राजवटीत १९९५ साली जो घटनेचा मसुदा झाला त्यात ती होती, पण तो मसुदा अमलात आलाच नाही. १९९९ च्या घटनेतून पाळी गळली आणि पक्षांच्या कारभारात शिरली. त्यामागचं कारणही ताजं होतं. १९९३ च्या निवडणुकीत दक्षिणेतले योरुबा उद्योगपती मोशूद अबिओला निवडून येत होते, लष्कराने निकालच रद्द केला. पुढे अबिओला कैदेत पडले आणि १९९८ मध्ये कैदेतच वारले. योरुबा मुलुखात त्याचा एवढा संताप होता की १९९९ मध्ये दोन्ही प्रमुख उमेदवार योरुबाच उभे करण्यात आले. ओबासान्जो निवडून आले, आठ वर्षं राहिले, आणि मग ‘आता उत्तरेची पाळी’ म्हणून २००७ मध्ये कात्सिनाचे उमारू यारअदुआ आले.

घटनेत पाळी नसली तरी पाळीला दात देणारी एक अट आहे, आणि मला ती पाळीपेक्षा मोलाची वाटते. राष्ट्राध्यक्ष व्हायचं तर सर्वांत जास्त मतं मिळवून भागत नाही. ३६ पैकी किमान दोन-तृतीयांश राज्यांत प्रत्येकी एक-चतुर्थांश मतं पडावी लागतात. शिवाय मंत्रिमंडळात प्रत्येक राज्यातला किमान एक मंत्री घ्यावाच लागतो. म्हणजे आपल्याच मुलुखाच्या जोरावर कोणालाही राजधानी अबुजा गाठता येत नाही, लांबच्या लोकांची मनधरणी करावीच लागते. लांबचे लोक मग विचारतात, आमची पाळी कधी?

ही पाळी वरच थांबत नाही. प्रत्येक राज्यात सिनेटचे तीन मतदारसंघ असतात, राज्यपालपद त्या तिघांत फिरवायचा आग्रह धरला जातो. तिकडचा राज्यपाल निवडून येतो, म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्रीच म्हणा. त्याखाली स्थानिक सरकारांत, त्याखाली प्रभागांत तीच मागणी. तुमच्या पाच वाड्यांपर्यंत साखळी पोचते. २०२२ मध्ये बोला टिनुबू आपल्याच पक्षाच्या लोकांना योरुबा भाषेत ‘एमी लोकान’ म्हणाले, आता माझी पाळी आहे. त्या एका वाक्यावर तिकडे टी-शर्ट निघाले, टिंगलही झाली. पण पुढच्या वर्षी ते राष्ट्राध्यक्ष झाले.

आता अडचणी. पहिली अडचण, पाळी कोणाची मोजायची? ‘दक्षिण’ हा एक वाटेकरी धरला तर १९९९ पासून दक्षिणेला भरपूर मिळालं. ओबासान्जो, मग जोनाथन, मग टिनुबू. पण दक्षिणेच्या पोटात तीन विभाग आहेत आणि त्यातल्या आग्नेय विभागाला, म्हणजे इग्बो लोकांना, या काळात एकदाही नाही. याच लोकांनी १९६७ साली बियाफ्रा म्हणून वेगळं व्हायचा प्रयत्न केला होता आणि १९७० पर्यंत भीषण युद्ध झालं. २०२३ मध्ये त्यांच्यातले पीटर ओबी मोठ्या पक्षातून बाहेर पडून लढले आणि साठ लाखांवर मतं घेऊन गेले. टिनुबू ३७ टक्क्यांच्या आसपास मतांवर निवडून आले याचं एक कारण हेच. समोरच्या पक्षाने उत्तरेच्या मावळत्या राष्ट्राध्यक्ष बुहारींनंतर पुन्हा उत्तरेचाच उमेदवार दिला, अतिकू अबुबकर. त्यांचे स्वतःचे पाच राज्यपाल त्यावर रुसून बसले. पाळी मोडणाऱ्याला मतदाराने शिक्षा केली, असं मी त्याचं वाचन करतो. कायद्याने नव्हे, मतदाराने.

दुसरी अडचण अशी की पाळ्या एकाच वेळी दोन चालू असतात आणि त्या एकमेकींवर आदळतात. प्रदेशाची पाळी दक्षिणेची होती, पण टिनुबू मुसलमान. उत्तरेची मतं हवीत म्हणून उपराष्ट्राध्यक्षपदाचा जोडीदारही उत्तरेचा मुसलमान घेतला, काशिम शेट्टिमा. प्रदेशाचा तोल साधला, धर्माचा गेला, आणि ख्रिस्ती मंडळींनी आरडाओरडा केला. आपल्याकडे हे नेमकं असंच घडतं. सरपंचपदाचं आरक्षण सरकार चक्रानुक्रमाने फिरवतं, तालुक्याला सोडत निघते. १९९३ पासून घटनेतच ती तरतूद आहे. गाव वाडीची पाळी लावतं आणि सोडतीत निघतं ‘नागरिकांचा मागास प्रवर्ग, महिला’. ज्या वाडीची पाळी तिथे तसा दाखला असलेली एकही बाई नाही. मग गावाची पाळी आणि सरकारची पाळी समोरासमोर उभ्या. सरकारचीच जिंकणार, हे सांगायला नको.

तिसऱ्या अडचणीवर जरा जास्त बोलतो, कारण करार लिहिताना ती कोणाच्याच डोक्यात येत नाही. मध्येच माणूस गेला तर?

यारअदुआ २००९ च्या नोव्हेंबरात उपचारासाठी सौदी अरेबियात गेले ते कारभार कोणाकडे सोपवल्याशिवाय. देश अडीच महिने अधांतरी. शेवटी संसदेने फेब्रुवारी २०१० मध्ये उपराष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांना काळजीवाहू केलं, आणि मे महिन्यात यारअदुआ वारले. जोनाथन दक्षिणेतले. घटनेप्रमाणे खुर्ची त्यांची, पाळीप्रमाणे उत्तरेची पाच वर्षं उरलेली, कारण दोन मुदती गृहीत धरलेल्या. उत्तरेचं म्हणणं, आमचा माणूस गेला म्हणून आमची पाळी जात नाही. जोनाथनचं म्हणणं, मला उभं राहायचा हक्क आहे. २०११ ला ते उभे राहिले, निवडून आले, आणि उत्तरेत ज्या दंगली उसळल्या त्यात आठशेवर माणसं मेली. २०१५ ला उत्तरेच्या बुहारींनी त्यांना हरवलं. गादीवरचा राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत हरण्याची त्या देशातली ती पहिली वेळ.

मालवण तालुक्यातल्या एका गावात हेच मी हातभर अंतरावरून पाहिलं. सरपंच तेव्हा सदस्यांतून निवडला जाई. चार वाड्या, पाच वर्षं, प्रत्येकीला सव्वा वर्ष. हिशोब चोख होता. स्टँपपेपरवर करार झाला, देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, आणि चौघांकडून तारीख न घातलेले राजीनामे आधीच सही करून घेऊन देवस्थानच्या पेटीत ठेवले. दुसऱ्या वाडीचा सरपंच पाचव्या महिन्यात हृदयविकाराने गेला. कारभार उपसरपंचाकडे आला आणि उपसरपंच तिसऱ्या वाडीचा. दुसरी वाडी म्हणे, उरलेले दहा महिने आमचे. तिसरी म्हणे, आता आलोच आहोत तर आमची पाळी इथूनच धरा. चौथीला भीती की हे दोघं भांडण्यात आपलं सव्वा वर्ष खातील. देवाला कौल लावला. कौल तिसऱ्या वाडीच्या बाजूने झाला तर दुसऱ्या वाडीचं म्हणणं पडलं की प्रश्नच चुकीचा विचारला. एक म्हातारा सभामंडपाच्या पायरीवर उभा राहून ओरडला, “आमची पाळी इली काय तुमचे नियम बदालतत कशे?” त्यानंतर कित्येक मासिक सभा कोरमअभावी तहकूब. पेटीतल्या राजीनाम्यांचं काय झालं म्हणाल, तर कायद्यापुढे ते रद्दीच होते. सरपंचाचा राजीनामा पंचायत समितीच्या सभापतींकडे जातो, आणि तो खुशीने दिलाय का हे विचारलं जातं. समोर उभा असलेला माणूस नाही म्हणाला की संपलं.

मलेशियाने या प्रश्नाला फार सुटसुटीत उत्तर दिलंय. तिथे नऊ सुलतानी संस्थानं आहेत आणि १९५७ पासून देशाचं राजेपद त्यांच्यात दर पाच वर्षांनी फिरतं. राजा मध्येच गेला किंवा पायउतार झाला तर उरलेली मुदत वगैरे भानगड नाही, पुढचा येतो तो नवी कोरी पाच वर्षं घेऊन. १९६० मध्ये एकाच वर्षात दोन राजे वारले, २०१९ मध्ये केलांतानच्या सुलतानांनी मुदतीआधी पद सोडलं, पाळीला धक्का लागला नाही. पण हे का जमतं? कारण राज्य पंतप्रधान चालवतो. राजाचा शब्द पेचप्रसंगी वजनदार ठरतो हे खरं, पण धरणाचं कंत्राट कोणाला द्यायचं हे त्याच्या हातात नसतं. स्वित्झर्लंडचंही तेच. सात जणांची संघीय परिषद, अध्यक्षपद दरवर्षी फिरतं. अध्यक्ष कोण आहे हे निम्म्या स्विस लोकांना चटकन सांगता येणार नाही असं गमतीने म्हणतात. सातही जणांकडे आपापलं खातं कायम राहतं, अध्यक्ष फक्त त्या वर्षीच्या बैठकीच्या मधोमध बसतो.

याच्या उलट टोकाला कोमोरोस. तुम्ही हिंदी महासागरात फिरता म्हणजे मोझांबिकच्या सामुद्रधुनीत हा द्वीपसमूह तुमच्या नकाशावर असणार. लोकसंख्या साधारण आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढी. तीन बेटं: मोठं ग्रँड कोमोर, मधलं अंजुआन, आणि चिमुकलं मोहेली. मायोत हे चौथं बेट १९७५ च्या स्वातंत्र्याच्या वेळीच फ्रान्सकडे राहिलं. त्यानंतर या देशात एवढी बंडं झाली की मोजदाद करणाराही गोंधळतो. १९९७ मध्ये अंजुआन आणि मोहेली दोघांनीही आम्ही वेगळे होतो म्हणून जाहीर केलं. तक्रार ओळखीची होती: सगळं ग्रँड कोमोरवरच्या राजधानीत, मोरोनीत जातं, आमच्या वाट्याला काही येत नाही.

२००१ मध्ये तोडगा निघाला. संघराज्याचं अध्यक्षपद दर चार वर्षांनी एका बेटाकडे. ज्या बेटाची पाळी असेल तिथेच पहिली फेरी, फक्त तिथल्या मतदारांनी तीन उमेदवार निवडायचे, आणि त्या तिघांतून एक सगळ्या देशाने निवडायचा. मला ही रचना फार आवडते. घर त्यांचं, पण कारभारी सगळ्यांच्या पसंतीचा. पाळी असलेल्या बेटातल्या उमेदवारालाही दुसऱ्या बेटांवर जाऊन हात जोडावे लागतात. त्याचबरोबर प्रत्येक बेटाला स्वतःचा अध्यक्ष आणि स्वतःचा कारभार मिळाला. एवढ्याशा देशाला चार अध्यक्ष, चार सरकारं! खर्चावरून खूप टीका झाली आणि ती खोटी नव्हती.

तरी पहिली फेरी पार पडली. २००२ मध्ये ग्रँड कोमोरचे अझाली असुमानी, २००६ मध्ये अंजुआनचे अहमद अब्दल्ला साम्बी, २०११ मध्ये मोहेलीचे इकिलिलू धोइनिन. मोहेलीसारख्या टिकलीएवढ्या बेटाचा माणूस देशाचा अध्यक्ष झाला, हे दुसऱ्या कुठल्या पद्धतीने झालं नसतं. पाळीच्या बाजूने बोलायचं तर मी हेच उदाहरण देतो.

पण मधल्या तारखा बघा. साम्बींची मुदत २०१० मध्ये संपायची होती. २००९ मध्ये त्यांनी सार्वमत घेतलं, त्यात मुदत वाढवायची सोय झाली आणि बेटांच्या अध्यक्षांचे अधिकार कापून त्यांना राज्यपाल करून टाकलं. खर्च कमी करायचा हे कारण सांगितलं. मोहेलीत लोक रस्त्यावर आले, न्यायालयाने कान पिळले, आणि वर्षभर उशिरा का होईना पाळी मोहेलीला मिळाली. मात्र बेटांच्या हातात ज्या किल्ल्या होत्या त्या केंद्राकडे गेल्या त्या गेल्याच. २०१६ मध्ये दुसरी फेरी सुरू झाली. ग्रँड कोमोरची पाळी, पुन्हा अझाली. २०१८ मध्ये त्यांनी नवं सार्वमत घेतलं: मुदत पाच वर्षांची, आणि एकाच माणसाला लागोपाठ दोन मुदती. २०२१ मध्ये अंजुआनची पाळी यायची होती, ती हवेत विरली. अंजुआनमध्ये २०१८ च्या ऑक्टोबरात मुत्सामुदू शहरात हत्यारबंद उठाव झाला, काही दिवसांत मोडून काढला. अझाली २०१९ मध्ये निवडून आले, २०२४ मध्ये पुन्हा आले. साम्बी तुरुंगात गेले, २०२२ मध्ये त्यांना देशद्रोहाच्या आरोपाखाली जन्मठेप झाली.

यातून लोक ‘अझाली वाईट’ एवढंच घेतात. मला त्याहून २००९ ची घटना महत्त्वाची वाटते. बेटांकडे स्वतःचा पैसा, स्वतःची माणसं असती तर २०१८ मध्ये अडवणारं कोणीतरी उरलं असतं. पाळीचं रक्षण कागद करत नाही. ज्याची पाळी अजून आलेली नाही त्याच्या हातात आज काय आहे, त्यावर पाळी टिकते. नायजेरियात ही गोष्ट अर्धवट साधली आहे. तेल निघतं त्या राज्यांना उत्पन्नाचा किमान १३ टक्के वाटा घटनेनेच दिलाय आणि उरलेली रक्कमही ठरलेल्या सूत्राने खाली झिरपते. तरी सगळा मोठा पैसा अबुजातून वाटला जातो, म्हणून खुर्चीसाठी एवढी जीवघेणी ओढाताण.

युगोस्लाव्हियाचं थोडक्यात सांगतो. तिथले सर्वेसर्वा टिटो १९८० मध्ये वारले, त्यानंतर घटक प्रांतांच्या आठ जणांचं सामूहिक अध्यक्षमंडळ आणि दरवर्षी फिरणारं अध्यक्षपद. दहा वर्षं गाडी चालली. मे १९९१ मध्ये क्रोएशियाच्या स्टिपे मेसिच यांची पाळी आली आणि सर्बियाच्या गटाने मतदानात ती अडवली. अडलेली पाळी महिना-दीड महिन्याने मिळाली, पण तोपर्यंत क्रोएशिया आणि स्लोव्हेनिया स्वातंत्र्य जाहीर करून मोकळे झाले होते. पाळी मोडली म्हणून देश मोडला असं मी म्हणणार नाही, देश आधीच तडकला होता. पण पाळी अडवल्यावर ‘बघा, आम्ही सांगत होतो’ म्हणायला लोकांच्या हाती पुरावा येतो.

आता पाळीबाहेरच्या लोकांविषयी. बोस्नियात युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारानंतर तिघांचं अध्यक्षमंडळ आहे: एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब, आणि अध्यक्षपद दर आठ महिन्यांनी फिरतं. मग तिथल्या ज्यू माणसाने किंवा रोमा माणसाने काय करायचं? त्याला उभंच राहता येत नाही. दोघा नागरिकांनी दावा लावला, युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००९ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि घटना आजही बदललेली नाही, कारण बदलायची तर त्या तिघांनीच बदलायला हवी. कोलंबियात १९५८ ते १९७४ लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षांनी चार-चार वर्षांची पाळी लावली. रक्तपात थांबावा हा हेतू चांगला होता आणि बराच साधलाही. पण तिसऱ्याला दारच बंद झालं, आणि १९७० च्या वादग्रस्त निवडणुकीतून एक नवी बंडखोर संघटना जन्माला आली.

आपल्या किनाऱ्याला हे नवीन नाही. खोतीच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या, काळात कित्येक गावांत खोतकीचे अनेक हिस्सेदार असत आणि गावाची वहिवाट त्यांच्यात वर्षावर्षाने फिरे. यंदा या घराचा खोत, पुढच्या वर्षी त्या घराचा. भाऊबंदांत हे अगदी न्याय्य होतं. कुळाला काय फरक पडत होता? त्याला दरवर्षी नवा माणूस दारात उभा दिसे, मागणी तीच. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून जो संप केला तो खोतांची पाळी सुधारा म्हणून नव्हता. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये विधिमंडळात विधेयक आणलं ते खोतीच नको म्हणून, आणि अखेर १९४९ च्या कायद्याने ती गेली. तेव्हा कुठलीही पाळी समोर आली की मी पहिला प्रश्न विचारतो, ही हिस्सेदारांत फिरतेय की कुळापर्यंत पोचतेय?

आता तुमच्या मुख्यमंत्रिपदाच्या चिमट्याकडे येतो. महाराष्ट्रात प्रदेशवार मुख्यमंत्रिपदाची पाळी कधीच नव्हती. नव्हती तरी कोकणाला अंतुले मिळाले १९८० मध्ये, मनोहर जोशी १९९५ मध्ये, नारायण राणे १९९९ मध्ये. मुंबई-गोवा रस्त्याच्या रुंदीकरणाला त्याने किती फरक पडला हे तुम्ही गणपतीला गावी येताना अनुभवलं असेलच. माणूस आपला असणं आणि पैसा आपल्याकडे येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विदर्भाने हे आधी ओळखलं. १९५३ च्या नागपूर करारात त्यांनी मुख्यमंत्रिपदाची पाळी मागितली नाही. निधीत, नोकऱ्यांत, शिक्षणात वाटा मागितला आणि विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात मागितलं. किती पाळलं गेलं यावर विदर्भातले लोक वेगळं बोलतील, पण मागणी बरोबर जागी होती. घटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि ‘उर्वरित महाराष्ट्र’ यांच्यासाठी विकास मंडळांची सोय आहे. कोकण त्या ‘उर्वरित’मध्ये, पुणे आणि साखरपट्ट्याच्या पंगतीत बसलेलं. मला विचाराल तर कोकणाने भांडायचं तर मुख्यमंत्रिपदासाठी नको, त्या ‘उर्वरित’मधून बाहेर पडण्यासाठी भांडावं.

आणि कधी कधी फिरवण्यापेक्षा नवीन खुर्ची मांडणं बरं असतं. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला, मुख्यालय कुठल्या जुन्या शहराला न देता ओरोसला नवीन वसवलं. नायजेरियानेही राजधानी लागोसहून मधल्या अबुजाला १९९१ मध्ये हलवली ती अशाच विचाराने.

तर तुमचं गाव. सरपंच आता थेट गावाने निवडायचा असतो. २०१७ मध्ये तशी पद्धत आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. त्यामुळे सव्वा वर्षाचा जुना हिशोब सरपंचाला लागू होत नाही. मध्ये राजीनामा म्हणजे अख्ख्या गावाची पोटनिवडणूक. सदस्यांनी अविश्वास आणायचा म्हटलं तरी ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यावर मोहोर उठावी लागते. म्हणजे वाडीवार पाळी लावायची तर पूर्ण पाच वर्षांची, आणि पाचव्या वाडीची पाळी वीस वर्षांनी. वीस वर्षं कोण थांबतो? त्या वाडीतली आज मतदान करणारी निम्मी पोरं तोवर मुंबईत असतील. म्हणून हल्ली पाळी उपसरपंचपदावर घसरली आहे, ते अजून सदस्यांतून निवडलं जातं. तिथे लावा खुशाल. वर्षावर्षाने फिरवा. खुर्ची लहान आहे, टिकेल.

सरपंच बिनविरोध करायचाच असेल तर त्याआधी किल्ल्या वाटून घ्या. ग्रामपंचायतीचा पैसा सरपंच आणि ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांच्या सहीने निघतो. तुम्ही पाच वर्षांच्या कामांची यादी वाडीवार आधीच ठरवा आणि ग्रामसभेत ठराव करून आराखड्यात घाला. कुठल्या वाडीची पाखाडी कुठल्या वर्षी, वहाळावरचा साकव कधी, कोणाची विहीर, कोणाचे दिवे. निम्मी रक्कम पाचही वाड्यांना सारखी आणि निम्मी डोकी मोजून, हे सूत्र मी अनेक गावांना सुचवलंय आणि जिथे ते फळ्यावर लिहून ठेवलं तिथे सरपंच कोणत्या वाडीचा याची धार बोथट झाली. डोकी मोजायची ती मतदार यादीतली मोजायची की चाकरमान्यांसकट, हे मात्र त्याच दिवशी ठरवा. लेबनॉनने पदं धर्मवार वाटली ती १९३२ च्या जनगणनेवर, आणि त्यानंतर आजतागायत अधिकृत जनगणनाच केली नाही, कारण आकडे बदलले तर वाटे बदलावे लागतील. तुमच्या मुंबईच्या मंडळाला यात बोलायचं असेल तर बोलू द्या, वर्गणी तेच देतात. पण ठराव गावातल्या ग्रामसभेत झाला पाहिजे, परळच्या खोलीत नव्हे.

पाच वाड्यांच्या यादीत न बसणारी घरंही शोधा. प्रत्येक गावात असतात, सड्यावर एकटी चार घरं, बंदरावर नंतर येऊन वसलेले लोक. त्यांना कुठल्यातरी वाडीत कागदावर ढकलू नका, त्यांचं कामही यादीत स्वतंत्र लिहा.

स्टँपपेपर, नारळ आणि पेटीतले राजीनामे यांत पैसे घालवू नका. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर घाला, त्याला माझी हरकत नाही. उपसरपंचाच्या पाळीचा कागद केलात तर त्यात एक ओळ नक्की टाका: माणूस मध्येच गेला किंवा पद सोडलं तर उरलेले महिने त्याच वाडीचे, की पुढच्या वाडीची पाळी तिथून नव्याने. मी मलेशियाची पद्धत सुचवीन, पुढच्याची नवी पाळी. त्यात हिशोब चुकतो, पण भांडण एका दिवसात मिटतं. आणि हे सगळं तुमच्या तालुक्याची आरक्षण सोडत निघाल्यावर करा. ती निघाली नसेल तर आत्ता कोणालाही शब्द देऊ नका.